ए.टी.व्ही.च्या थ्रॉटल नियंत्रणातील फेरफार

ए.टी.व्ही. (ऑल-टेरेन व्हेइकल, भारतात रूढ नाव क्वाड बाइक) या खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या वाहनाच्या इंजिनाची गती हँडलवरील थ्रॉटलने नियंत्रित केली जाते. उत्पादकाने बसविलेली ही यंत्रणा बदलणे, तिची मर्यादा कमी-अधिक करणे किंवा तिच्याशी जोडलेली सुरक्षा-व्यवस्था काढून टाकणे, यांचा समावेश थ्रॉटल नियंत्रणातील फेरफारात होतो. शर्यती, चालकाच्या हाताची सोय, शारीरिक अपंगत्व आणि लहान मुलांचे प्रशिक्षण ही अशा फेरफारामागील प्रमुख कारणे आहेत.

मूळ रचना

बहुतेक ए.टी.व्ही.मध्ये उजव्या मुठीजवळ अंगठ्याने दाबायची कळ असते. कळ दाबली की लवचीक वेष्टणातील तार (केबल) ओढली जाते. त्यामुळे कार्बोरेटरमधील सरकती झडप वर उचलली जाते किंवा, इंधन-अंतःक्षेपण असलेल्या इंजिनात, थ्रॉटल बॉडीतील पाकळी उघडते. अंगठा उचलताच स्प्रिंगच्या जोराने झडप मिटते व इंजिन मंद गतीवर येते. काही नव्या वाहनांत तारेऐवजी विद्युत-संवेदक व मोटर वापरली जाते. तेथे केवळ यांत्रिक भाग बदलून नियंत्रण बदलता येत नाही.

मोटारसायकलप्रमाणे पिळायची मूठ न देता अंगठ्याची कळ देण्यामागे निश्चित कारण आहे. ए.टी.व्ही. चालविताना चालकाला शरीराचा तोल सतत पुढे-मागे व आजूबाजूला न्यावा लागतो. खड्ड्यात गाडी उसळून चालक मागे फेकला गेल्यास मूठ नकळत पिळली जाऊन वेग वाढू शकतो. अंगठ्याच्या कळीत मूठ घट्ट धरणे आणि वेग वाढविणे या दोन क्रिया वेगळ्या राहतात.

पिळायची मूठ बसविणे

कळ दीर्घकाळ दाबून ठेवल्याने अंगठा व मनगट दुखू लागते. त्यामुळे लांब पल्ल्याचे काही चालक पिळायची मूठ बसवितात. या बदलात मुठीवरील चकतीने ओढली जाणारी तारेची लांबी मूळ कळीइतकीच असावी लागते. ती कमी पडल्यास झडप पूर्ण उघडत नाही. जास्त झाल्यास तारेवर व झडपेच्या थांब्यावर अनावश्यक ताण येतो. दोन कार्बोरेटर असलेल्या इंजिनात दोन्ही झडपा एकाच वेळी उचलल्या जातील अशी जुळणी करावी लागते.

अंगठा किंवा उजवा हात वापरता न येणाऱ्या चालकांसाठी थ्रॉटल डाव्या बाजूस हलविला जातो. अशा वेळी ब्रेकच्या कळीही डाव्या हाताच्या किंवा पायाच्या आवाक्यात राहतील, याचा विचार करावा लागतो.

सुरक्षा-यंत्रणा काढणे

यामाहाच्या बॅन्शी, ब्लास्टर इत्यादी वाहनांत ‘टोर्स’ नावाची व्यवस्था होती. चालकाने कळ सोडली, पण तार अडकल्याने किंवा कार्बोरेटरमधील दोषाने झडप उघडीच राहिली, तर ही व्यवस्था प्रज्वलन खंडित करून इंजिनाची गती रोखते. कळीच्या पेटीतील आणि कार्बोरेटरवरील स्विचांच्या स्थितीत विसंगती आढळणे, हे तिचे तत्त्व आहे. पोलारिसच्या अनेक तार-थ्रॉटल वाहनांतही याच हेतूची व्यवस्था आढळते.

स्विच किंवा वायरी जुन्या झाल्या की निर्दोष इंजिनही मध्येच अडखळते, म्हणून अनेक मालक टोर्स काढून टाकतात. मात्र त्यामुळे अडकलेल्या थ्रॉटलविरुद्धचे स्वयंचलित संरक्षण नष्ट होते. नंतर चालकाजवळ इंजिन बंद करण्याचा स्विच एवढाच तातडीचा उपाय उरतो. शर्यतींत म्हणूनच चालकाच्या अंगाला दोरीने जोडलेला स्विच वापरतात. चालक खाली पडताच दोरी सुटून इंजिन बंद होते.

मुलांच्या वाहनांवरील मर्यादा

मुलांच्या ए.टी.व्ही.त कळीच्या पेटीत एक मर्यादक स्क्रू असतो. तो आत फिरविल्यास कळ अर्धवटच दाबली जाते. अमेरिकेत २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने ए.टी.व्ही.चे मानक बंधनकारक झाले. २००७ च्या मानकानुसार ६ वर्षे व त्यावरील मुलांच्या गटातील वाहनाचा वेग मर्यादक लावल्यावर ताशी १० मैल (सुमारे १६ किमी) आणि मर्यादक काढल्यावर ताशी १५ मैल (सुमारे २४ किमी) यापेक्षा अधिक नसावा. मुलाचे कौशल्य वाढेल तसा पालकाने स्क्रू हळूहळू बाहेर घ्यावा, अशी या रचनेमागील कल्पना आहे. प्रौढांच्या वाहनाला मर्यादक लावल्याने ते मुलांसाठी योग्य ठरत नाही. त्याचे वजन, उंची व ब्रेकची कळ दाबण्यास लागणारा जोर तसाच राहतो.

फेरफारानंतरची तपासणी

कोणत्याही बदलानंतर पुढील गोष्टी तपासल्या जातात :

१. इंजिन बंद असताना कळ किंवा मूठ पूर्ण दाबून सोडल्यास ती कोठेही न अडकता झटकन मूळ जागी यावी.
२. कळीच्या टोकाशी उत्पादकाने सांगितलेली ढील असावी; होंडाच्या अनेक वाहनांत ती ३ ते ८ मिलिमीटर असते.
३. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळविल्यास गती वाढू नये. वाढल्यास तार आखूड आहे, तिची ढील अपुरी आहे किंवा ती चुकीच्या मार्गाने नेली आहे असे समजावे.
४. तारेला तीव्र वळण नसावे; ती तापलेल्या एक्झॉस्टला किंवा फिरत्या भागांना लागू नये.
५. इंजिन बंद करण्याचा स्विच हात मुठीवरून न काढता दाबता यावा.

हाताला मोकळा वाटणारा थ्रॉटल चिखल, वाळू किंवा बर्फ शिरल्यावर अडकू शकतो. त्यामुळे पेटीचे झाकण व तारेवरील रबरी टोपी पुन्हा नीट बसविणे हा तपासणीचाच भाग मानला जातो.