वाघोलीचा पत्ता आणि एकशे साठचा आकडा

'वाघेश्वर मंदिराजवळ, पुणे-नगर रस्ता, वाघोली' एवढा पत्ता ॲपमध्ये मराठीत लिहायला घ्या. रकान्याला ४० अक्षरांची मर्यादा असेल, तर अँड्रॉइडच्या नेहमीच्या मोजणीत शेवटी 'वाघो' उरतं आणि 'ली' बाहेर राहते. ही मोजदाद आली कुठून?

तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक स्वतःच मजकूर आखडत. मोबाइलवर अक्षरं मोजण्याची सुरुवात १९८५ साली जर्मनीतल्या बॉन शहरात झाली. फ्रीडहेल्म हिलेब्रँड या अभियंत्याने घरी टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं टंकली आणि अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६०च्या आत बसली. पोस्टकार्डांवरचा मजकूरही बहुधा १५०च्या आतच असे. संदेशाला जागा १४० बाइटची; रोमन अक्षराला ७ बिट धरले की त्यात बरोबर १६० अक्षरं मावतात. एसएमएसची मर्यादा ठरली ती अशी.

या हिशेबात देवनागरी कुठेच नव्हती. एसएमएसच्या युनिकोड पद्धतीत तिच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून मराठी संदेश ७० चिन्हांवर संपतो. वरचा पत्ता रोमन लिपीत लिहिला तर १६०पैकी सुमारे ११० जागा उरतात. मराठीत ७०पैकी २८. मराठी माणूस मोबाइलवर रोमन लिपीत लिहायला लागला, त्यामागे हाही हिशेब होता. त्याला नुसतं आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

शिवाय अक्षर म्हणजे काय, यावरच माणसाचं आणि यंत्राचं जमत नाही. 'वाघोली' वाचताना आपल्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोड सहा मोजतं, कारण काना, ओकार आणि वेलांटी त्याच्या लेखी वेगळी चिन्हं. साठवणीच्या यूटीएफ-८ पद्धतीत तेच १८ बाइट होतात. 'वाघेश्वर' सहाव्या चिन्हावर तोडलं, तर पाय मोडलेला 'श्' लटकत राहतो. जोडाक्षर एकसंध मोजावं, हा नियम युनिकोडमध्ये आला २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत.

पुण्यातल्या खराडीच्या आयटी कंपन्यांत ॲप घडवणारे कितीतरी जण वाघोलीत राहतात. त्यांना एकच विनंती: रकान्याची मर्यादा ठरवण्याआधी आपल्या घरचा पूर्ण पत्ता मराठीत भरून पाहा, आणि जागा कमी पडली तर आकडा वाढवा.