सी ड्राइव्हचा फेरफार

मुखेडमधल्या एका डीटीपीच्या दुकानात विंडोज एक्सपीचा जमाना होता तेव्हाची गोष्ट. संगणक सुरू व्हायचा, नावावर क्लिक केलं की डेस्कटॉपचं चित्र क्षणभर दिसायचं आणि लगेच पुन्हा नावांचा पडदा. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. बाहेर दोन पोरं फॉर्मच्या प्रिंटसाठी ताटकळत उभी होती. रजिस्ट्रीतलं ड्राइव्हचं अक्षर मीच बदललं होतं.

झालं होतं असं : विंडोज मारताना यंत्राला कार्ड रीडर जोडलेला राहिला. त्याच्या चार खाचांनी सी, डी, ई, एफ धरून ठेवले आणि विंडोज जाऊन बसलं जीवर. दुकानातलं एक जुनं सॉफ्टवेअर मात्र सीशिवाय दुसरीकडे बघायलाच तयार नव्हतं. दुकानवाले काका म्हणाले, “तेवढं जीचं सी करून दे की बाबा.”

आता हा सी आला कुठून? डिस्कला अक्षराने ओळखायची रीत आयबीएमच्या केंब्रिजच्या केंद्रात 1960च्या दशकात तयार झालेल्या सीपी/सीएमएसमध्ये सापडते. गॅरी किल्डॉल यांनी 1974 साली सीपी/एम लिहिली आणि ती रीत टेबलावरच्या लहान यंत्रांत आणली : पहिली फ्लॉपी ए, दुसरी बी, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं. टिम पॅटरसन यांनी 86-डॉस सीपी/एमच्याच वळणावर बांधली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट 1981मध्ये आयबीएम पीसीबरोबर ती घरोघर निघाली.

डॉसमधली एक सोय मला फार आवडते. फ्लॉपी ड्राइव्ह एकच असला तरी डॉस त्यालाच ए आणि बी दोन्ही मानायची. बीचं काम निघालं की फ्लॉपी बदला म्हणून सांगायची. म्हणजे बीची जागा कायम अडलेली. 1983च्या मार्चमध्ये पीसी एक्सटी 10 एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला, तेव्हा तिच्या वाट्याला उरलेलं पहिलं अक्षर आलं, सी. फ्लॉपी गेली, ए-बी रिकामे पडले, तरी सी जागचा हलला नाही.

हलला नाही, कारण तोवर सगळ्यांनी तो पत्ता लिहून ठेवला होता. खरं तर विंडोज एनटीच्या, म्हणजे एक्सपीच्याही, पोटात अक्षर ही नुसती पाटी आहे. खाली त्या व्हॉल्यूमचं वेगळंच नाव असतं. कोणती पाटी कुठे लावायची हे रजिस्ट्रीत ‘माउंटेडडिव्हायसेस’खाली लिहिलेलं असतं. पाटी बदलायला अर्धं मिनिट लागतं. पण जमीन विकली आणि सातबाऱ्यावर फेरफारच लागला नाही तर जे होतं, तेच इथे होतं. विंडोज टाकतानाच शेकडो नोंदींत अक्षरासकट पूर्ण पत्ता उतरलेला असतो. लॉगिननंतर जो ‘युजरइनिट’ चालतो, त्याचा पत्ता आमच्या यंत्रात जीवरचा होता. जी उरलाच नव्हता. युजरइनिट सापडला नाही की विंडोज माणसाला आल्या पावली बाहेर काढतं. डिस्क मॅनेजमेंट सिस्टिमच्या ड्राइव्हचं अक्षर बदलू देत नाही ते याचसाठी. आणि रजिस्ट्रीची ही वाट मायक्रोसॉफ्टने सांगितली आहे ती बिघडलेलं अक्षर मूळ जागी आणण्यापुरती, नवं घेण्यासाठी नाही.

मी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली, तिची सिस्टिमची रजिस्ट्री तिथे उघडली आणि सीचा पुन्हा जी केला. यंत्र मुकाट सुरू झालं. पोरांच्या प्रिंट निघाल्या. संध्याकाळी सगळा डेटा बाजूला घेऊन, कार्ड रीडरची वायर उपसून, नव्याने विंडोज मारलं. आपोआप सीवर आलं. काकांनी मार्कर घेतला आणि कॅबिनेटच्या बाजूला ठळक लिहिलं : ‘विंडोज मारताना कार्ड रीडर काढणे.’