तळाची जाळी : गाळणीच्या इतिहासातलं एक पान

आजचा विषय बोटाच्या पेराएवढा आहे. प्रयोगशाळेत एचपीएलसी नावाचं यंत्र असतं. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं ते यंत्र. त्याचा पंप बाटलीतून द्रावक ओढतो आणि ओढनळीच्या टोकाला, बाटलीच्या तळाशी, एक लहान गाळणी असते. नेवाशात ती समजवायला कष्ट नाहीत. विहिरीवर पंप बसवताना आपण पाइपाच्या बुडाला जाळीचा फुटबॉल लावतो ना, तेच काम.

आता या गाळणीचा इतिहास पाहू. त्यात दोन धागे आहेत, एक फार जुना आणि एक कालपरवाचा.

जुना धागा मातीचा. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी इथेच प्रवरेकाठी उत्खनन केलं. त्यात ताम्रपाषाणयुगातली, तीन हजार वर्षांहून जुनी भाजलेली मडकी निघाली. भट्टीत मातीचे कण पुरते वितळत नाहीत. ते एकमेकांना चिकटतात आणि मधे बारीक फटी राहतात. म्हणून तर माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. १८८४ साली पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी याच गुणाचा उपयोग केला. झिलई न दिलेल्या चिनी मातीच्या नळीतून त्यांनी पाणी गाळलं आणि जिवाणू मागे राहिले. आपल्या बाटलीतली गाळणी पुष्कळदा पोलादाची असते. पोलादाची भुकटी वितळू न देता तापवून सांधायची, याला सिंटरिंग म्हणतात. तत्त्व कुंभाराचंच.

दुसरा धागा पंपाचा. क्रोमॅटोग्राफीचा जनक रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानांचे रंग वेगळे केले. तिथे द्रावक आपल्या वजनानेच खाली उतरे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नळीतली भुकटी फार बारीक झाली आणि द्रावक जोराने ढकलायला पंप आला. पंप आला म्हणजे झडपा आल्या, आणि झडपेत एक कण अडकला तरी प्रवाह बिघडतो. म्हणून तळाशी जाळी आली.

मग ही जाळी अगदी बारीक का करत नाहीत? कारण ती ओढीच्या बाजूला आहे. ढकलायला पंप हवा तेवढा जोर लावेल, पण ओढताना मदतीला फक्त हवेचा दाब असतो. म्हणून तर विहिरीवरचा पंप फार खोलातून पाणी उचलत नाही. तळाची जाळी साधारण १० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची ठेवतात. बारीक गाळण आधीच ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून करून घेतात. आपणही तळाला जाड जाळी लावतो आणि ठिबकचा बारीक फिल्टर पंपाच्या पुढे बसवतो.

यात आपलं काय अडलंय? २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश त्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले होते. असे अंश द्रव क्रोमॅटोग्राफीला वस्तुमानमापक जोडून मोजतात. बागाईतदाराचं वर्ष त्या एका आकड्यावर टांगलेलं असतं. बाटलीत दिवसेंदिवस तेच पाणी राहिलं की शेवाळ, जिवाणू वाढतात आणि जाळी बुजते. पंपाला द्रावक पुरत नाही, बुडबुडे येतात, घटक उशिरा बाहेर पडतात आणि आकडा भरवशाचा राहत नाही. चांगली प्रयोगशाळा माहीत असलेला नमुना मधेमधे चालवून हे पकडते, पण तोवरचे नमुने पुन्हा करावे लागतात.

उपाय साधा आहे. जुन्या पाण्यात नवं ओतायचं नाही, बाटली धुऊन ताजं भरायचं. शंका आली तर गाळणी काढून पाहायची. प्रवाह सुधारला, तर दोष तिच्यातच. मोटार पाणी टाकेना झाली की आपणही आधी फुटबॉलच वर काढून बघतो.