आराखड्यासकट हललेलं शहर

अर्जेंटिनातल्या सांता फे प्रांताची त्याच नावाची राजधानी आज जिथे आहे, तिथे ती मुळात वसलेलीच नव्हती. १५ नोव्हेंबर १५७३ रोजी हुआन दे गारायने ती वसवली ती ८० किलोमीटर उत्तरेला, आताच्या कायास्ता गावापाशी, पारानाच्या एका फाट्याच्या काठावर. असुन्सिओनहून त्याच्याबरोबर आलेले ऐंशीएक जण. बहुतेकांचा बाप स्पॅनिश, आई ग्वारानी. पॅराग्वेहून समुद्राकडे जाताना नदीवर मधला मुक्काम हवा होता, एवढाच हिशोब. १५८०मध्ये गारायने ब्युनोस आयर्स पुन्हा वसवलं, तेव्हा माणसं इथूनही गेली.

पण नदी दरवर्षी काठ कापत होती, पुरात वाटा बंद पडत होत्या. भर म्हणून आदिवासींचे हल्ले. ‘हल्ले’ हा शब्द अर्थात स्पॅनिश दफ्तरातला. जमीन गेली होती ती आदिवासींची.

शेवटी १६५१ ते १६६० या काळात अख्खं गाव दक्षिणेला, सालादो नदीजवळ हललं. मला नवल वाटतं ते पुढचं. मोकळं माळरान हाती असूनही त्यांनी नवं काही आखलं नाही. जुना आराखडाच जसाच्या तसा उतरवला: मधे चौक, नगरसभा आणि चर्चं आपापल्या जागी, आणि ज्याचं घर जिथे होतं तिथेच त्याला जागा. शेजारसुद्धा बदलला नाही! नावाला फक्त ‘दे ला वेरा क्रूस’ एवढी शेपटी जोडली.

या हट्टाचा फायदा तीन शतकांनी झाला. १९४९मध्ये आगुस्तीन सापाता गोयान यांनी कायास्ताला उत्खनन सुरू केलं, तेव्हा कुठे काय असेल याचा अंदाज आजच्या शहरावरूनच बांधता येत होता. चर्चच्या जमिनीखाली दफनं सापडली. नदीकडचा भाग मात्र पाण्याने कधीच नेला होता.

नव्या जागेनेही पाणी चुकवलं नाही. १८२५च्या पुरात जलपर्णीच्या तरंगत्या पुंजक्यांबरोबर आलेला एक जॅग्वार थेट सान फ्रान्सिस्को मठात शिरला आणि त्याने साधूंना ठार केलं. २९ एप्रिल २००३ला तर सालादोच शहरात घुसली. पश्चिमेचा बंधारा अर्धवट सोडलेला होता, तिथूनच पाणी आलं. जवळपास एकतृतीयांश शहर बुडालं. अपुऱ्या राहिलेल्या त्या कामाबद्दल पुढे अधिकाऱ्यांवर खटले चालले.