वडशास उतरलेलीं माणसें

आमच्या गांवास कागदोपत्रीं देसाईगंज म्हणतात. रेल्वेच्या फलकावर मात्र आजहि वडसा हेंच नांव आहे. गोंदियाहून नागभीडकडे जाणारी ही वाट प्रथम अरुंद रुळांची होती, आणि गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत शिरणाऱ्यास कित्येक वर्षें तेंच एक रेल्वेद्वार होतें. या फलाटावर किती कुटुंबांनीं आपल्या पेट्या व वळकट्या उतरविल्या, याचा हिशेब कोणत्याहि दप्तरांत नाहीं.

या ज्युबिलीनिमित्त आम्हीं पॅरिशचीं जुनीं पुस्तकें उघडलीं. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यु यांच्या तारखा सुवाच्य अक्षरांत आहेत. परंतु अमुक गृहस्थानें घर कां सोडलें, वाटेंत कोण दगावलें, पहिला पावसाळा कोणाच्या ओसरींत काढला, हें त्यांत कोठून असणार? तें वृद्धांच्या मुखीं आहे, व त्यांच्याबरोबरच जात आहे.

ही गोष्ट आपल्याच घरांची नव्हे. १९५८ सालीं दंडकारण्य योजना निघाली. पुढच्या दशकांत पूर्व पाकिस्तानांतून आलेलीं बंगाली कुटुंबें या जिल्ह्यांत वसविण्यांत आलीं, व मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांचीं खेडीं आजहि आहेत. इकडे गोंदिया जिल्ह्यांत प्रतापगडाजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. ज्यांनीं कळत्या वयांत सीमा ओलांडली, ते आतां ऐंशीच्या घरांत आहेत.

ऐकून घेण्यांतहि चूक होते, आणि ती आमच्या हातून झाली. एका वृद्ध बाईंची हकीकत आम्हीं वहींत उतरून घेतली. त्या झाडीबोलींत बोलत. ‘पानी’ म्हणत, ‘डोरा’ म्हणत. आम्ही सेमिनरींत व्याकरण घोटलेले. लेखणीनें आपोआप ‘पाणी’ व ‘डोळा’ केलें, वाक्येंहि सरळ केलीं. वाचून दाखविल्यावर त्या हंसून म्हणाल्या कीं, ही गोष्ट फादरांची आहे, आपली नव्हे. (नवल असें कीं, वडशाच्या नाटक मंडळ्यांत हीच बोली ऐकावयास लोक रात्रभर थंडींत बसतात, झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, आणि घरीं मात्र तीच बोली बोलणाऱ्या मुलास आपण दटावतों.)

फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉईटवाँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्राच्या हजारावर खेड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमविल्या. त्या प्रथम हातानेंच लिहिल्या गेल्या; परंतु पुढें १२० तासांहून अधिक गायन फितींवर घेण्यांत आलें. शब्द कागदावर राहिले असते. दम घेण्याची जागा, गळ्याचा कंप हीं राहिलीं नसतीं.

आज प्रत्येक घरीं ध्वनि टिपणारा फोन आहे. आजोबांच्या जवळ तो ठेवावा, आरंभीं नांव, गांव व तारीख बोलावी, आणि मग गप्प बसावें. ते थांबले तर थांबूं द्यावें. आजींस वेगळें विचारावें. पुरुषांसमोर त्या अर्धेंच सांगतात. ध्वनिमुद्रण त्यांस ऐकवावें, आणि जें घराबाहेर जाऊं नये असें त्या म्हणतील, तें घरींच ठेवावें.

त्या बाईंकडे आम्ही यंत्र घेऊन दुसऱ्यांदा गेलों, तेव्हां त्यांची वाचा गेली होती. आमची सुधारलेली वही तेवढी शिल्लक आहे. त्यांची कन्या शेजारीं बसून एकेक शब्द आठवते, आणि आम्ही ‘पाणी’ खोडून ‘पानी’ लिहितों.