भुजादंडाचे वजन आणि मोटारसायकलचा 'दम'

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील मिस्त्रींच्या बोलण्यात मोटारसायकलच्या सामर्थ्यासाठी निदान तीन शब्द येतात : 'ताकद', 'पिकअप' आणि 'दम'. पाठ्यपुस्तकांत या तिन्हींच्या जागी 'शक्ती' हा एकच शब्द योजिलेला असतो, आणि मिस्त्रीचे शब्द ढोबळ म्हणून बाजूस सारले जातात. प्रस्तुत लेखकास हा निर्णय घाईचा वाटतो. भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, आणि त्यावरील फ्लायव्हील यांच्या वजनाचा इतिहास पाहिला असता, या शब्दांतील भेद केवळ बोलीचा नसून यंत्राचाही आहे, असे दिसून येते.

मूळ तत्त्व आपल्याकडे नवे नाही. कुंभार काठीने चाकास वेग देतो व काठी बाजूला ठेवून मडके घडवितो. जड कडेमुळे चाक फिरत राहते. युरोपात भुजादंडाचा प्रश्न वाफेच्या यंत्राच्या निमित्ताने पुढे आला. जेम्स पिकार्डने १७८० साली भुजेचे पेटंट घेतल्यामुळे जेम्स वॅटला पुढील वर्षी दंतचक्रांची वेगळी रचना योजावी लागली. चार स्ट्रोकांच्या एकसिलिंडरी एंजिनात तर चाकावाचून चालतच नाही. भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत स्फोट एकदाच होतो. उरलेले तीन स्ट्रोक त्या साठ्यावर काढावे लागतात.

मराठवाड्याला या तत्त्वाचा यांत्रिक परिचय मोटारसायकलीआधी विहिरीवर झाला असावा. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धर्तीची, मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेणारी, दोन्ही बाजूंस मोठी चाके असलेली एंजिनेही देशात तयार होऊ लागली. अशा एंजिनाचा डिकॉम्प्रेशनचा दांडा उचलून हँडल फिरवावयाचे, चाके वेगात आली की दांडा सोडावयाचा, आणि चाकांतील साठ्याने दट्ट्या दाब ओलांडून जातो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूत चाले. 'पुर्जा', 'जोर', 'दम' हे शब्द कारखान्यात सहज रुळले याचे नवल वाटू नये. ('मिस्त्री' मात्र पोर्तुगीजांकडून आलेला आहे.) 'दम' म्हणजे फारसीत श्वास.

१९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट भारतात तयार होऊ लागली. तिचा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा, स्ट्रोक ९० मिलिमीटरचा, आकारमान ३४६ घन सेंटिमीटर. जड फ्लायव्हीलची दोन चाके क्रँककेसच्या आतच बसविलेली. शक्ती अवघी १८ अश्वशक्ती, तीही मिनिटाला ५,६२५ फेऱ्यांवर. तथापि पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवरून मागे माणूस व पुढे पोते घेऊन सावकाश जाताना हे एंजिन सहजासहजी बंद पडत नाही. मिस्त्री ज्याला 'दम' म्हणतो तो हाच गुण होय. पुस्तकातल्या शक्तीच्या आकड्यात तो कोठेच सापडत नाही.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. जड चाकाने एंजिनाची शक्ती वाढते, हा पहिला. भुजादंड घासून हलका केल्याने ती वाढते, हा दुसरा. वेग स्थिर ठेवून मोजल्यास दोन्हींत शक्ती जवळपास तेवढीच भरते. वेग वाढविताना मात्र फरक पडतो, कारण शक्तीचा काही भाग चाकालाच वेग देण्यात खर्च होतो. हिशेबासाठी असे धरू की ८ किलोग्रॅम वजन ८ सेंटिमीटर त्रिज्येवर एकवटले आहे आणि मागच्या चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर आहे. पहिल्या गिअरचे एकूण प्रमाण १४ असेल, तर हे चाक गाडीवर सुमारे ९८ किलोग्रॅम जादा वजन असल्यासारखे भासते. वरच्या गिअरमध्ये प्रमाण ५ असेल, तर केवळ साडेबारा किलोग्रॅम. 'पिकअप' या शब्दाचे क्षेत्र हे आहे, आणि खालच्या गिअरांतच तो का जाणवतो याचे उत्तरही यातच आहे. वजन कडेला आहे की मध्याशी, हेही पाहावे लागते. त्रिज्या दुप्पट झाली की परिणाम चौपट होतो. नुसते किलोग्रॅम सांगून काहीच सांगितल्यासारखे होत नाही.

१९८५ नंतर चित्र पालटले. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी-१०० बाजारात आली, आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पुढील वर्षी कावासाकी केबी-१०० आली. सीडी-१०० चे ९७ घन सेंटिमीटरचे एंजिन मिनिटाला सुमारे ८,००० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देई. चाकातील साठा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जलद एंजिनास हलके चाक पुरते. केबी-१०० दोन स्ट्रोकांची, तिच्यात प्रत्येक फेऱ्यास स्फोट. तिची गरज त्याहूनही कमी. बुलेटचा साठा १,००० फेऱ्यांवर जेवढा, त्याच्या सुमारे ३१ पट तो ५,६०० वर असतो. वजनाची खरी निकड संथ गतीलाच असते, हे यावरून उघड होईल.

पुढे एन्फील्डने ग्रीव्हज लोंबार्डिनीचे ३२५ घन सेंटिमीटरचे डिझेल एंजिन बसविलेली बुलेटही विकली. शक्ती साडेसहा अश्वशक्ती. डिझेलमध्ये दाब फार, म्हणून चाकाची गरजही अधिक. विहिरीवरचे एंजिन आणि मोटारसायकल येथे एकत्र आली. ती गाडी शर्यतीच्या दृष्टीने हास्यास्पदच होती. राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची. पारिभाषिक शब्दांची आखणी त्यानंतर नेटाने झाली, आणि 'शक्ती', 'बल', 'ऊर्जा' हे शब्द नेमके ठरले. मंद गतीत न थांबण्याच्या गुणास मात्र अद्याप मिस्त्रीचाच शब्द वापरावा लागतो.