नाथांचा विंचू

पैठणच्या एकनाथांचे ‘विंचू चावला’ हे भारुड आपण बहुधा हसत ऐकतो. त्यातला विंचू म्हणजे कामक्रोध, एवढे सांगून भाष्यकारही थांबतात. आम्हांस मात्र रूपकाखालचा खरा विंचू अधिक खुणावतो. भारुडातल्या माणसाला दंशानंतर घाम सुटतो. हा तपशील निव्वळ अलंकार नव्हे.

मज्जातंतू आणि स्नायू यांचे नाते विजेचे आहे, असे गॅल्व्हानीने १७९१ साली बेडकाच्या तंगड्यांवरून मांडले. पण तंतू संपतो तेथे एक अतिसूक्ष्म फट असते. ती निरोप कसा ओलांडतो? १९२१ साली ऑटो लोवी याने मज्जातंतू छेडून एका बेडकाचे हृदय मंद केले, आणि त्यातला द्रव दुसऱ्या हृदयास दिला. तेही मंदावले. फटीपलीकडे निरोप नेणारे रसायनच होते. हातापायांच्या स्नायूंकडे हे काम ॲसिटिलकोलिन करते, हे १९३६ साली डेल व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले. ते पोचले की स्नायूत कॅल्शियम मोकळे होते, ॲक्टिन आणि मायोसिन यांचे धागे एकमेकांवरून सरकतात, स्नायू आकुंचन पावतो. घामाच्या ग्रंथींनाही ॲसिटिलकोलिनच जागवते. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंना मुख्यतः नॉरॲड्रेनॅलिन.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूतली सोडियमची दारे वेळेवर मिटू देत नाही. मग निरोप थांबतच नाहीत. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. पुढे रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. महाड परिसरात रुग्ण तपासणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये या पूर्वखुणा नोंदवल्या. त्यांत घाम होताच. १९८६ साली त्यांनी प्राझोसिनचा अनुभव प्रसिद्ध केला. रक्तदाबावरचे हे औषध विषाला हात लावत नाही. रक्तवाहिनीच्या स्नायूवर निरोप जेथे स्वीकारला जातो, ती जागाच ते अडवते. एके काळी गंभीर रुग्णांतले सुमारे तीस टक्के दगावत. हे प्रमाण मोजक्या टक्क्यांवर आले. सोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हेही बावस्करांनीच २०११ साली दाखवले.

नाथांना यातले रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी विंचू चावलेले माणूस घामाने निथळताना पाहिले असणार. त्यांच्यासाठी ते रूपक हसण्यापुरते नव्हते. आज भारुडाचा अर्थ सांगताना आपण अध्यात्म जपतो आणि ती भीती गाळतो. मग त्या अध्यात्मालाही धार उरत नाही.